तो पहिला शब्द

चि. माई हिस अनेक आशीर्वाद.

परवा तुझा मेसेज आला : 'होपफुली आखाजीला येईन.' तुझ्या आईनं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, येईन म्हणते. तिनं स्वतः मोबाइल घेतला. "मंग हाऊ पहिला शब्द काय शे?"

एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण मला उत्तर सुचेना.

येण्याचा तगादा लावायला लिहीत नाही. शब्दाचंच सांगतो. होपफुली म्हणजे मुळात 'आशेनं'. कुत्रं ताटाकडे बघतं ते होपफुली. त्या हिशेबानं तू मनात आशा घेऊन येशील. येण्याबद्दल शंकाच नाही! 'येईन अशी आशा आहे' हा अर्थ अमेरिकेत १९६०च्या दशकात फार बोकाळला आणि जाणकार खवळले. म्हणाले, वाक्यात आशा करणारा आहे कुठे? असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकानं २०१२ साली तो मान्य केला. तोवर मी पोरांच्या वह्यांत त्याला लाल गोल करत होतो. फ्रँकली, थँकफुली हेही तसेच वाक्याच्या डोक्यावर बसतात, त्यांना मात्र मी कधी अडवलं नाही. म्हणजे चूक माझीच.

बघ, मास्तरकी सुरू झाली. माफ कर. तू बंगळुरूत बारा जणांची टीम सांभाळतेस, हे मी दूधवाल्यालासुद्धा सांगतो, आणि तुलाच क्रियाविशेषण शिकवतोय.

पण आशा कोणाची, हे सांग. तुझी की आमची?

जिजी गेल्यावरची ही पहिली आखाजी. तिच्या नावानं घागर भरायची आहे. नानाचं ते प्रकरण डोक्यात धरून येत नसशील तर तो सुरतेला गेलाय, अगोदरच सांगतो. तू चौथीत होतीस तेव्हा मी पेपर तपासायला नाशिकला गेलो की ओट्यावरून हलायची नाहीस. शेवटची यष्टी निघून गेली तरी. जिजी हाका मारायची, "माय, घरमा ये, बाप सकाय ई." खरं होपफुली ते. उदाहरण म्हणून वर्गात द्यायला हवं होतं, सुचलं नाही.

आईची साखर वाढलीय. लिहिणार नव्हतो.

रजा नसेल तर सरळ 'नाही' लिही, 'नाही' तिला कळतं. मांड्यांचं खापर तिनं माळ्यावरून काढून घासून ठेवलंय. गाडी जळगावला कितीला पोचते ते कळव, मी स्टेशनवर येतो. म्हणजे, येणार असलीस तर.

तुझे
अप्पा