नानावटी, टॉवेल आणि तुझा प्रश्न

प्रिय सदा,

खऱ्या खटल्यांवरच्या सिनेमा-मालिकांबद्दल ‘करमणूकच तर आहे, तपशील खरा असला काय, खोटा असला काय’ असं तू लिहिलंस. अर्धं पटलं. मोटारीचा रंग चुकला, पोलिसाच्या टोपीवरचा बिल्ला वेगळा निघाला, तर त्यावर नाक मुरडणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे. पण घड्याळ हलवलं की खटलाच बदलतो. कसा, ते नानावटी खटल्यावरून सांगतो.

२७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नी सिल्व्हियाने कुटुंबाचा मित्र प्रेम आहुजा याच्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. सिनेमात यानंतर थेट पिस्तूल दाखवून मोकळं होता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात मधे बरंच काही घडतं. नानावटी बायकोला, दोन मुलांना आणि शेजारच्या एका पोराला मोटारीने सिनेमाला सोडतात, सहा वाजता न्यायला येतो म्हणतात. मग जहाजावर जातात. कुत्रा आजारी होता, त्याचं औषध आणायचं होतं म्हणे. तिथे ‘रात्री एकट्यालाच अहमदनगरला मोटार हाकत जायचंय’ असं खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतात, तपकिरी पाकिटात घालतात. आहुजाच्या ऑफिसात जातात, तो नसतो. मग त्याच्या फ्लॅटवर.

घर सोडलं दीडच्या सुमारास, आहुजाला गोळ्या घालून मारलं चार वाजून वीस मिनिटांनी. बचाव दोन पायऱ्यांचा होता. पहिली : झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या. ती टिकली नाही तर दुसरी : गंभीर आणि एकाएकी प्रक्षोभ, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० चा पहिला अपवाद. तो लागू झाला असता तर हा खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरला असता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जवळजवळ तीन तास गेले, डोकं थंड व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता. आता चित्रपटवाल्याने हे तीन तास पंधरा मिनिटांवर आणले, तर प्रेक्षक नायकाच्या बाजूला झुकणारच. त्याला वाटतं आपण स्वतः विचार केला. खरं तर संकलकाने त्याच्यासाठी निकाल दिलेला असतो.

आणि टॉवेल! आहुजा नुकताच न्हाणीघरातून आला होता, कमरेला फक्त टॉवेल. झटापट झाली असती तर टॉवेल सुटून पडला असता. पण मृतदेहावर टॉवेल जागच्या जागी होता. एवढ्याशा गोष्टीने पहिल्या पायरीला सुरुंग लावला. असं काही पटकथाकाराला सुचत नाही रे, म्हणून तर खऱ्या खटल्याची ओढ.

शेवटाचं तर विचारूच नकोस. ज्युरीने, म्हणजे नऊ सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. याच खटल्यावर बेतलेल्या २०१६ च्या ‘रुस्तम’ चित्रपटात नायक सुटतो आणि वर लष्करी खरेदीतला भ्रष्टाचार जोडलाय. प्रत्यक्षात सत्र न्यायाधीशांना ज्युरीचा कौल पटला नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. १९६० मध्ये जन्मठेप झाली, २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, मग कुटुंब कॅनडाला गेलं. ‘या खटल्यामुळे ज्युरी बंद झाली’ हेही तितकंच ऐकीव. विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे गोळ्या सुटण्याआधीच, ती बंद करायची शिफारस केली होती.

आता तुझ्या त्या नव्या मालिकेबद्दल. सुरुवातीची पाटी नीट बघ. ‘सत्य घटनेवरून प्रेरित’ असेल तर फक्त नावापुरता आधार घेतलाय असं धर. बंद खोलीतले संवाद दिसले की विचार : आत कोण होतं, त्यातलं जिवंत कोण? या खटल्यात आतलं बोलणं सांगणारा एकटा आरोपीच. आणि पोलिसांपुढे रडत कबुली दिली की मालिकेत केस संपते. कोर्टात ती तिथे सुरूही होत नाही. पोलिसाला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. आरोपीने सांगितल्यावरून हत्यार निघालं, तर त्या शोधापुरतंच बोलणं ग्राह्य. म्हणून पंचनामा हवा, आणि पंच फुटले की भलीभली केस गडगडते. पंचनाम्याचा प्रसंग मात्र मालिकेत दोन सेकंदांत उरकतात, कारण तो दिसायला कंटाळवाणा. नार्कोचंही, म्हणजे औषधाने गुंगी आणून प्रश्न विचारायच्या चाचणीचंही, तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालापासून संमतीशिवाय ती चाचणी करता येत नाही, आणि संमतीने केली तरी त्यातली उत्तरं पुरावा ठरत नाहीत.

निकालपत्र इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, पण फुकट मिळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर २४ नोव्हेंबर १९६१ ही तारीख टाक. सुरुवातीची घटनाक्रमाची पानं वाच, कलम ३०७ चा कीस खुशाल ओलांड आणि थेट पुराव्यावर ये. टॉवेल तिथे सापडेल. मालिकेचे उरलेले भाग त्यानंतर बघ, आणि तीन तासांचे त्यांनी किती केले ते मला कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या