रविवारची आठवण: फोटो घरातलाच हवा

मंडळी,

रविवारी सकाळी साडेआठला भेटतोय, नेहमीच्याच जागी. प्रत्येकाने इन्स्टंट फिल्मवर (कॅमेऱ्यातून लगेच बाहेर येणारा फोटो) काढलेला एकच फोटो आणायचा, आणि तोही स्वतःच्या घरातला. किल्ले, घाट, सूर्यास्त गेल्या वेळी पोटभर झाले.

"घरात टिपण्यासारखं आहे काय?" असं दोघातिघांनी विचारलं. १९७७ मध्ये पत्नी गेल्यावर छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांनी न्यूयॉर्कच्या घरात पोलरॉइड एसएक्स-७० हा इन्स्टंट कॅमेरा हाती घेतला. वय ऐंशीच्या पुढे. खिडकीत काचेचा छोटा अर्धपुतळा ठेवून त्यातून झिरपणारा उजेड ते टिपत राहिले. आपल्याकडे तर तांब्याभांडं आहे, दांडीवरचे ओले कपडे आहेत, दुपारची तिरीप आहे.

नव्या मंडळींसाठी: पोलरॉइड फिल्मच्या पाकिटात आठच फोटो असतात, तेव्हा आधी बघा, मग बटण दाबा. पाकीट फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नव्हे!) आणि वापरण्याआधी तासभर बाहेर काढा. २८ अंशांपुढे रंग पिवळट-लालसर होतात, म्हणून शक्यतो सकाळीच काढा. फोटो बाहेर आला की लगेच उजेडापासून झाका आणि १०-१५ मिनिटं पालथा ठेवा. झटकू नका, रसायन आतच बंद असतं, वाळवायचं काही नसतं. एसएक्स-७०मध्ये पोलरॉइडची '६००' प्रकारची फिल्म घालू नका, ती उजेडाला चौपट संवेदनशील असते. माझं एक पाकीट असंच पांढरंफटक झालंय.

फसलेला फोटोही चालेल. येणार नसाल तर शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, उपमा मोजून करायचाय.