लग्नाची खरेदी आपल्या गावच्या दुकानात करा

संपादक साहेब,

लग्नसराई आली की लोक मोबाईलवरच सगळी ऑर्डर टाकून मोकळे होतात, पण संभाजीनगरात गुलमंडी, पैठणगेटचा बाजार एकदा पायी फिरून तर बघा. हिमरूची शाल हातात घेतल्याशिवाय तिचा मऊपणा कळतच नाही, सूत अन् रेशीम मिळून विणलेली असते, गिफ्ट द्यायला याच्याहून भारी काय पाहिजे! पैठणी घेताना पदर उलटून बघा, खरी हातमागाची असली की नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसते, हे फोटोत कसं कळणार? पलंग-कपाट पण इथल्याच दुकानातून घ्या, माप सांगितलं की तसं बनवून देतात अन् कुरकुरलं तर घरी येऊन ठीक करतात. फक्त तिथं पार्किंगची सोय लवकर व्हायला पाहिजे, गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक परत जातं.

- एक वाचक, छत्रपती संभाजीनगर