ॲड्रिनलिन आधी, बाकी सगळं नंतर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी ग्रामीण पोस्टिंग ऐन लावणीच्या दिवसांत आली आहे, म्हणजे सर्पदंशाचे पेशंट येणारच. प्रतिविष सुरू करण्याआधी ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून जवळ ठेवायला सांग. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं, पण ते घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि काहींना सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, धाप लागते, बीपी घसरतं. कुणाला त्रास होईल हे स्किन टेस्टवरून कळत नाही, त्यात वेळ घालवू नकोस.

इतकी वर्षं इमर्जन्सी ट्रे सांभाळताना मी हे फार पाहिलंय: नवे डॉक्टर आधी ॲव्हिल, म्हणजे ॲलर्जीचं इंजेक्शन, मागतात, मग हायड्रोकॉर्ट हे स्टेरॉइड. ॲड्रिनलिनचं नाव निघेपर्यंत पेशंट गार पडायला लागतो. ॲड्रिनलिनने पेशंटच्या हृदयावर ताण येईल, अशी त्यांना काळजी वाटते. पण ॲव्हिलने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही; हायड्रोकॉर्टला काही तास लागतात. आकुंचन पावलेल्या श्वासनलिका उघडणं, घशाची सूज उतरवणं, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळून बीपी वर आणणं, हे सगळं ॲड्रिनलिन काही मिनिटांत करतं. पेशंट हृदयरोगी असला तरी अशा वेळी ते नाकारायचं नाही.

मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्युलमधलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. लहान मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. दंडावर कातडीखाली देण्याची जुनी सवय अजून दिसते. तिथून औषध रक्तात सावकाश जातं. ५ मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा द्यायचं. पेशंटला आडवंच ठेव, पाय वर. बरं वाटलं म्हणून लगेच उठून बसू देऊ नकोस, तेवढ्यानेही बीपी कोसळतं. आणि प्रतिविष थांबवलं असेल तर रिअ‍ॅक्शन ओसरल्यावर ते हळूहळू पुन्हा सुरू करावं लागतं. सापाचं विष अंगात तसंच असतं.

शिरेतून थेट १ मिलिग्रॅम देतात ते हृदय बंद पडल्यावर, सीपीआर चालू असताना, दर ३ ते ५ मिनिटांनी. नाडी लागत असलेल्या पेशंटला तो डोस शिरेतून गेला तर जीवावर बेतेल. म्हणून ऑर्डर देताना मात्रा आणि जागा दोन्ही मोठ्याने सांग: "सिस्टर, ॲड्रिनलिन अर्धा मिली, मांडीत, आत्ता." सिस्टर तयारच असते गं, ती तुझ्या तोंडाकडे बघत असते.

पहिल्याच दिवशी ट्रे उघडून बघ. तपकिरी काचेच्या अँप्युल किती आहेत, एक्स्पायरी कधीची आहे. आणि नाइटला जाताना जेवून जा.

तुझी आई