दीड मिलिमीटरबद्दल आभार

ठाण्यातले आमचे गनस्मिथ काका,
सप्रेम नमस्कार.

दुकानात समोर उभं राहून आभार मानायला लागलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय कुणाच्या घरात वारशाने आलेली लिव्हर ॲक्शन (ट्रिगरखालची दांडी पुढे-मागे करून काडतूस भरायची) रायफल असेल आणि तिचा नेम चुकत असेल, तर तुम्ही नेमकं काय केलंत ते त्यांनाही कळावं.

रायफल विंचेस्टर १८९२, ४४-४० कॅलिबरची, अष्टकोनी नळीची. ५० मीटरवर गोळ्या १५ सेंटिमीटर उजवीकडे आणि १० सेंटिमीटर खाली बसत होत्या. सल्ले भरपूर मिळाले होते: मागची साइट (नेम धरायची खाच) ठोका, पुढची माशी (नळीच्या तोंडाजवळचं नेमाचं टोक) घासा. तुम्ही दिवसभर यातलं काहीच केलं नाहीत.

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री. या जुन्या रायफलीला सेफ्टीचा खटका नाही, फक्त घोड्याचा अर्धा टप्पा आहे, म्हणजे घोडा अर्धा ओढून अडकवायची जागा. आणि ट्यूब मॅगझिनमध्ये, म्हणजे नळीखालच्या काडतुसांच्या ट्यूबमध्ये, काडतूस अडकून राहू शकतं. त्यामुळे चेंबर (गोळी सुटते ती जागा), कॅरियर (काडतूस वर उचलणारा भाग) आणि ट्यूब या तिन्ही जागा डोळ्यांनी पाहायच्या, नुसती लिव्हर चालवून विश्वास ठेवायचा नाही. मग नळीचं तोंड भिंगाखाली, टँगचा (दस्ता धरणाऱ्या लोखंडी पट्टीचा) स्क्रू, पुढच्या लाकडाच्या टोकावरची टोपी. तोंडाला एका बाजूने मार असेल किंवा टोपी नळीला दाबत असेल तर साइट कितीही हलवली तरी गोळ्या एका जागी बसणार नाहीत. तिथे सगळं ठीक निघालं, तेव्हा कुठे वर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात घेतलात.

मागच्या साइटच्या दोन्ही कडांपासून नळीच्या कडांपर्यंतचं अंतर मोजलं, तर डावीकडे ३ मिलिमीटर जास्त. म्हणजे साइट मध्यापासून दीड मिलिमीटर उजवीकडे सरकलेली. मग कागदावर त्रैराशिक: दोन साइटमधलं अंतर गुणिले चूक, भागिले निशाणापर्यंतचं अंतर. या रायफलीवर दोन साइटमध्ये ५०० मिलिमीटर आहेत. ५०० गुणिले १५० भागिले ५०,०००, उत्तर दीड मिलिमीटर. वर्नियर आणि कागद एकच आकडा सांगत होते, आणि तोवर एकही काडतूस खर्च झालं नव्हतं. ४४-४० ची काडतुसं इथे किती मुश्किलीने मिळतात हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच या हिशेबाची किंमत कळेल.

गोंधळ बहुतेकांचा दिशेत होतो. मागची साइट ज्या बाजूला हलवाल त्याच बाजूला गोळी जाते; माशी मात्र उलट वागते. माशी उजवीकडे नेली तर गोळी डावीकडे, माशी उंच केली तर गोळी खाली. आपली साइट डावीकडे न्यायची होती. रात्रभर डव्हटेलमध्ये (साइट बसते त्या नळीवरच्या आडव्या खाचेत) पेनिट्रेटिंग ऑइल, नळी लाकूड-चामड्याच्या जबड्यांत, डव्हटेलच्या थेट खाली आधार, मॅगझिन ट्यूबवर अजिबात दाब नाही. जुन्या जागेची पेन्सिलने खूण. वागळे इस्टेटमध्ये लेथवर उतरवून घेतलेला तो ८ मिलिमीटरचा पितळी पंच, भोवती नळीवर चिकटपट्टी, आणि छोट्या हातोडीचे हलके टोले. प्रत्येक दोन टोल्यांनंतर वर्नियर. लोखंडी पंच आणि एक जोरदार घाव, एवढ्यानेच शंभर वर्षांचं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) जातं.

साइट सरकली, पण सैल लागली. मुळात ती सरकलीच होती ती या सैलपणामुळे. आधीच्या कुणा कारागिराने ती घट्ट बसावी म्हणून डव्हटेलचे ओठ पंचाने ठेचले होते. त्या खुणा आता कायमच्या. तुम्ही ०.०५ मिलिमीटरची पितळी पट्टी खाली सरकवलीत. उद्या काढली तर रायफल होती तशीच. काका, खरं सांगायचं तर आभार मुख्यतः त्या पट्टीचे आहेत.

उंचीचा प्रश्न वेगळा होता. एलिव्हेटर (मागची साइट वर-खाली करायची पायऱ्यांची पट्टी) वरच्या पायरीवर नेला असता तर ५० मीटरवर काम भागलं असतं, पण मग १०० मीटरसाठी पायरी उरली नसती. माशी मूळची नाही, नंतर कुणीतरी बसवलेली आहे, हे भिंगाखाली तिच्या ताज्या मशिनिंगवरून तुम्ही ओळखलंत. म्हणून कानस लावायला हरकत नव्हती. मूळची असती तर तुम्ही कानस उचललीच नसतीत. हिशेबाने १ मिलिमीटर कमी करायचा होता. तुम्ही ०.८ वर थांबलात, कारण घासलेलं पोलाद परत येत नाही. उरलेलं रेंजवर, तीन गोळ्यांचा गट पाहून.

रेंजचंही लिहायला हवं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये दुरुस्ती आणि चाचणी दोन्हींना परवाना लागतो. गच्चीवर किंवा येऊरच्या जंगलात 'एक बघू' असं करायचं नाही. वाळूची पिशवी पुढच्या लाकडाखाली, नळीखाली नाही. एका गोळीवरून साइट हलवायची नाही, तिनांचा मध्य धरायचा, आणि दोन गटांमध्ये नळी गार होऊ द्यायची. काडतुसंही सौम्यच, या रायफली काळ्या बारुदाच्या दाबाच्या जमान्यातल्या आहेत, नव्या दमदार लोडांचा मोह नको.

पहिला गट थोडा डावीकडे गेला तेव्हा तुम्ही साइटला हातही लावला नाहीत. ऊन उजवीकडून येत होतं, माशीचा उजवा गाल चमकत होता आणि डोळा तोच मध्यावर धरत होता. त्यामुळे गोळी उजेडाच्या उलट गेली. तुम्ही खिशातून कापराची वडी काढलीत, पेटवून माशी काजळीने काळी केलीत. पुढचा गट मध्यावर. देवघरातल्या कापराचा हा उपयोग आमच्या घरच्यांना अजून पटलेला नाही.

पावसाळ्यात खाडीच्या दमट हवेचं तुम्ही बजावलंय ते लक्षात आहे. डव्हटेलवर तेलाचं एकच पुसट बोट, लाकडात मुरेल इतकं नाही.

घासताना निघालेला पोलादाचा चुरा आणि जुन्या मापांचा तो कागद रायफलीच्या पेटीत ठेवला आहे. पितळी पंच आमच्याकडेच राहिला आहे, शनिवारी आणून देतो.

आपले,
नौपाड्यातले रायफलवाले