नाटक सुटण्याची वेळही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान मी रोज आधी वाचते, बातम्या नंतर. एकतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं. त्यामुळे बारीक टाइप वाचायची सवय आहे आणि वेलांटी चुकलेली दिसली की अजूनही हात पेन्सिलीकडे जातो. पण हे पत्र चुकीबद्दल नाही. त्या जाहिरातींत एक ओळ नसतेच, तिच्याबद्दल आहे. नाटक किती वाजता सुरू होणार ते छापलेलं असतं, किती वाजता सुटणार ते कुठेच नसतं.

गेल्या आठवड्यात मी सात दिवसांत सात नाटकं पाहिली. वय ७१, राहायला धायरीला, गाडी नाही, घरात वाट बघणारं कोणी नाही. पेन्शनमधून महिन्याचे नाटकाचे पैसे वेगळे काढून ठेवते. एरवी आठवड्याला एखादं नाटक होतं, या वेळी सगळं एकदम जुळून आलं. भरत नाट्य मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी चालू होती, मुंबईची दोन नाटकं आली होती आणि हिराबागेजवळच्या श्रीराम लागू रंग-अवकाशात एक प्रायोगिक नाटक होतं. माझी सून पुण्याबाहेर असते. तिने फोनवर विचारलं, "आई, दमत नाही का?" नाटकाने मी दमत नाही. परतीच्या काळजीने दमते.

सोमवार आणि मंगळवार भरतला गेले. स्पर्धेची नाटकं हौशी संघांची, तिकीट अगदी नाममात्र, आणि तरी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या याचं वाईट वाटलं. सोमवारच्या नाटकात एक आजी पूर्ण अंकभर ताटात तांदूळ निवडत बसलेली होती. खरे तांदूळ, खरे खडे. खडा सापडला की ती तो शेजारच्या वाटीत टाकायची आणि त्याचा बारीक टण असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत यायचा. मुलगा आणि सून घर विकण्यावरून भांडत होते, ती मान वर करत नव्हती. मग मुलगा "आईला काय कळतंय त्यातलं" असं म्हणाला, आणि त्यानंतर वाटीतला आवाज बंद झाला. बोटं तांदळातच थांबली. संवाद एकही नाही. मला घशाशी दाटून आलं. नाटक संपल्यावर मी मुद्दाम आत जाऊन त्या बाईंना भेटले. दिवसा औषधाच्या दुकानात काम करतात म्हणाल्या, तालमी रात्री नऊनंतर. असं काम बघायला मिळावं म्हणून मी दोन बस बदलून जाते.

भरतच्या रंगमंचाचं माझ्या पिढीला अप्रूप आहे. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला तिथेच झाला. तेव्हा आम्ही नारायण पेठेत एका वाड्यात राहत होतो. नाटक रात्री कितीही वाजता सुटो, दहा मिनिटांत पायी घरी. आई दाराला कडी लावायची नाही, नुसतं लोटून ठेवायची. त्याच्याही आधी, ३१ ऑक्टोबर १८८० ला, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगवलं. पुढे संगीत नाटकं रात्र रात्र चालायची, पदांना वन्समोअर मिळायचे आणि नाटक पहाटे सुटलं तरी कोणाची तक्रार नसायची. प्रेक्षक पेठांमध्येच राहत होता ना! सुटण्याची वेळ छापायची गरजच नव्हती.

आता तो प्रेक्षक कुठे राहतो ते बघा. वाडे पाडून इमारती झाल्या, आमच्यासारखी भाडेकरू माणसं बाहेर पडली. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. धायरी, आंबेगाव, नऱ्हे, वाघोली, मांजरी, सगळीकडे मराठी नाटकावर जीव असलेली माणसं आहेत. नाट्यगृहं मात्र बहुतेक जुन्याच भागात. बालगंधर्व, टिळक स्मारक, भरत, आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण. मेट्रोने माझी पुष्कळ सोय केली, हे आवर्जून सांगते. बालगंधर्वहून चालत संभाजी उद्यान स्टेशन, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की स्वारगेट. तिथून पुढे बसच. ती बस चुकली की रिक्षा. आणि रात्री धायरी म्हटलं की रिक्षावाले मान हलवतात, कारण तिकडून रिकामं यावं लागतं. त्यांचंही खोटं नाही.

बुधवारी रंग-अवकाशात दारावर तिकीट बघणाऱ्या मुलीने प्रत्येकाला सांगितलं, "एक तास चाळीस मिनिटं, मध्यंतर नाही." एवढंच वाक्य. मी हिशेब केला, पर्समधलं घड्याळ पुन्हा काढलं नाही आणि नाटक मन लावून पाहिलं. वेळ ठाऊक असली की माणूस निर्धास्त बसतो.

गुरुवारचं आता सांगते. नाट्यगृहाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण हे एका संस्थेपुरतं नाही. जाहिरातीत रात्री ८ होतं. मी पावणेआठला खुर्चीत बसले. सव्वाआठला पहिली घंटा झाली. साडेआठला पडद्यापुढे टेबल आलं, शाल, श्रीफळ, तीन सत्कार, दोन भाषणं. तिसरी घंटा झाली तेव्हा आठ पन्नास झाले होते. नाटक फार सुंदर होतं, म्हणूनच एवढं लिहिते आहे. दोन बहिणी, वडिलांच्या आजारपणात पंधरा वर्षांनी एका घरात आलेल्या. साडेदहा वाजले आणि माझं लक्ष उडालं. शेजारी हडपसरची एक तरुण मुलगी बसली होती, तीही फोन पदराआड धरून वेळ बघत होती. मी हळूच विचारलं, "किती राहिलं असेल?" ती म्हणाली, "काकू, कुठे लिहिलेलंच नाही."

पावणेअकराला मी उठले. अख्ख्या रांगेने गुडघे आखडले. मी दार उघडलं आणि बाहेरच्या ट्यूबलाइटचा पट्टा मधल्या वाटेवरून थेट रंगमंचापर्यंत गेला. तेवढ्यात धाकटी बहीण बोलायचं थांबली होती. नाटकातली ती शांतता होती की माझ्यामुळे आलेली, मला अजून कळलेलं नाही. मी दार लोटलं आणि जिन्यावर आले. जिन्याच्या खालच्या पायरीवर होते तेव्हा आतून टाळ्या ऐकू आल्या. म्हणजे पाच-सात मिनिटंच राहिली होती! तेवढं थांबले असते तर शेवट मिळाला असता. बस तशीही गेलीच. तिकिटाचे ३०० रुपये आणि रिक्षाचे ३५०. पैशांचं जाऊ दे. त्या दोन बहिणींचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही, आणि त्या नटीने त्या क्षणासाठी जे जमवत आणलं होतं त्यावर मी उजेड पाडला. त्याची खंत जास्त आहे.

पडद्यामागे काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांना उशीर का होतो ते विचारलं. ते म्हणाले, आधीच्या सत्रातला कार्यक्रम लांबला की नेपथ्याचा टेम्पो बाहेर उभा राहतो. नेपथ्य लागल्याशिवाय प्रकाशयोजना लावता येत नाही. मुंबईहून येणारी बस रस्त्यात अडकली तर नटमंडळींची रंगभूषा मागे पडते. हे सगळं मला मान्य आहे, त्यांच्या कष्टांची मला जाणीव आहे. पण एकांकिका स्पर्धांमधली कॉलेजची पोरं ठरलेल्या मिनिटांत नेपथ्य लावतात आणि काढतात. माझी मुलगी कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला पडद्यामागे होती. घरी सतरंजीवर खडूने रंगमंच आखून, हातात घड्याळ घेऊन खुर्च्या-टेबलं हलवायची तालीम चालायची. ही शिस्त पुण्यातच शिकवली जाते. आणि सत्कार करायचेच असतील तर प्रयोग झाल्यावर करावेत. ज्यांना थांबायचं ते आनंदाने थांबतील.

शनिवारी बालगंधर्वला साडेपाचचा प्रयोग होता, तो वेळेवर सुरू झाला, आठच्या आत सुटला. मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला आणि देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची चित्रं नेहमीप्रमाणे पाहून आले. १९६८ साली हे रंगमंदिर सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. रविवारी दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेपाच अशी दोन नाटकं झाली, त्यांबद्दल लिहीत बसत नाही. एक चांगलं होतं, एक नव्हतं.

माझी मागणी आपल्याकडे आहे, कारण जाहिरात आपण छापता. नाटकाच्या जाहिरातीत दर, वेळ आणि 'तिकीटविक्री चालू' हे असतंच. त्याच्याखाली 'कालावधी २ तास १० मि., १ मध्यंतर' एवढी एक ओळ. आपल्या बारीक टाइपात ती एका स्तंभाच्या रुंदीत सहज बसते, मी पट्टी लावून पाहिली आहे. सिनेमाची लांबी प्रमाणपत्रावरच असते. नाटकही चार प्रयोगांनंतर किती वेळाचं आहे ते निर्मात्याला मिनिटांपर्यंत ठाऊक असतं. जाहिरातीच्या अर्जात हा रकाना आपण घातलात तर निर्माते तो भरतील. आणि एकदा सुटण्याची वेळ छापली की सुरू करण्याच्या वेळेचीही आठवण राहील.

रात्री साडेनऊच्या प्रयोगाला मी जातच नाही, तो माझ्यासारखीने सोडूनच द्यायचा. पण आठचा, साडेसातचा, साडेपाचचा सोडायला लागू नये.

त्या दोन बहिणींच्या नाटकाचा पुढच्या गुरुवारी पुन्हा प्रयोग आहे. मी तिकीट काढलं आहे, या वेळी दाराजवळची कडेची खुर्ची मागून घेतली. आजच्या आपल्या अंकात जाहिरात आली आहे. वेळ रात्री ८, एवढंच आहे.

आपली नम्र,
एक नाट्यप्रेमी वाचक,
धायरी, पुणे