नुसत्या चिप्सचा खेळ

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

दाजी फोनवर पैसे देऊन चिप्स, म्हणजे खेळातली आभासी नाणी, घेतात आणि त्यांवर तीन पत्ती नि स्लॉट मशीनसारखं फिरत्या चक्रांचं ॲप खेळतात. ते म्हणतात, "एक रुपया परत मिळत नाही, मग हा जुगार कसला?" आणि ताईच्या हातात त्यांच्या खात्याचं स्टेटमेंट आहे. दोघांचंही खरं आहे. म्हणूनच फोनवर दोन वाक्यांत न उरकता सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं बघू. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. त्याआधी आपल्याकडे सगळा वाद एकाच प्रश्नावर चालायचा: खेळ कौशल्याचा की नशिबाचा? मुंबईच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असं म्हटलं, त्या एका निकालावर रमीच्या ॲपवाल्यांनी आपला सगळा धंदा उभा केला. नव्या कायद्याने हा प्रश्नच बाजूला सारला. कौशल्य असो, नशीब असो, पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळलात की तो 'मनी गेम', आणि तो बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. पैशांची देवघेव करून देणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्याही यात येतात. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, त्यामुळे दाजींच्या दारात पोलीस येतील ही ताईची भीती आधी काढून टाक.

याच कायद्यात दुसरा कप्पा आहे 'सोशल गेम'चा. करमणुकीसाठीचा, पैसे न लावता खेळायचा खेळ. वर्गणी किंवा एकदाची प्रवेश फी घेता येते, पण ती पणाला लावलेली रक्कम असता कामा नये. दाजींचं तीन पत्ती आणि ते फिरत्या चक्रांचं ॲप, दोन्ही स्वतःला याच कप्प्यात बसवतात. त्यांचं म्हणणं असं की चिप्स विकत मिळतात, पण चिप्सचे पैसे कधीच होत नाहीत.

आता कायद्याची व्याख्या नीट वाच. पणाला लावायची वस्तू म्हणजे फक्त रोकड नव्हे. पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन, क्रेडिट, नाव काहीही असो, खरी असोत की आभासी, तीही त्यात धरली आहेत. म्हणजे विकत घेतलेल्या चिप्स लावल्या की अर्धी अट पुरी झाली. उरली दुसरी अर्धी: जिंकल्यावर 'आर्थिक व अन्य लाभ' होतो का? नुसत्या आणखी चिप्स मिळाल्या तर तो लाभ मानायचा की नाही, खरा वाद इथे आहे. एखादा खेळ कोणत्या कप्प्यात बसतो हे ठरवण्यासाठी कायद्याने प्राधिकरणाची तरतूद केली आहे.

या वादाचं उत्तर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मिळालं, आणि मला ते फार पटतं. 'बिग फिश कॅसिनो' नावाच्या ॲपवर एका बाईंनी हजार डॉलरहून जास्त पैसे घालवले आणि त्या कोर्टात गेल्या. कंपनीचा बचाव दाजींचाच होता, की चिप्सला बाजारात किंमत नाही. खालच्या कोर्टाने तो मानला. पण मार्च २०१८ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. त्या राज्याच्या कायद्यात 'मोलाची वस्तू' या व्याख्येत फुकट खेळायला मिळण्याची सवलतही येते. चिप्स संपल्या की पैसे भरल्याशिवाय पुढे खेळता येत नाही आणि जिंकलात तर येतं, म्हणजे चिप्सला मोल आहे. झालं, जुगार ठरला. तिथे जुगारात गेलेले पैसे परत मागायचा हक्क आहे, त्यामुळे बिग फिशचं प्रकरण १५.५ कोटी डॉलरवर मिटलं आणि पुढे 'डबलडाउन' या तसल्याच दुसऱ्या कॅसिनो ॲपचं ४१.५ कोटी डॉलरवर. ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट घेतली. २२ सप्टेंबर २०२४ पासून तिथे जुगाराची हुबेहूब नक्कल करणाऱ्या नव्या खेळांना 'फक्त १८ वर्षांवरील' हा शिक्का लागतो, पैसे परत मिळोत वा न मिळोत. आपल्याकडेही निदान एवढं तरी व्हायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दाजींना एक प्रश्न शांतपणे विचार: चिप्स ॲपमधूनच घेता, की कुणा 'डीलर'कडून? कारण ॲप पैसे परत देत नसलं तरी व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर चिप्स घेणारे-विकणारे बसलेले असतात. पद्धत अशी. दोघांचं खासगी टेबल उघडतात. बूट पडतो, म्हणजे सुरुवातीची रक्कम. विकणारा ब्लाइंड चाल, म्हणजे पत्ते न बघता लावायची रक्कम, वाढवत नेतो, समोरचा तेवढीच भरतो, आणि पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, ठरलेल्या आकड्यापाशी आला की विकणारा पॅक करतो, म्हणजे डाव सोडतो. सगळ्या चिप्स समोरच्याकडे. पत्ते कुणी बघितलेलेही नसतात. पैसे बाहेर यूपीआयने. उलट्या बाजूने हेच केलं की चिप्सचे रुपये होतात, आणि 'नुसती करमणूक' त्या क्षणी संपते.

इथे तीन गोष्टी बिघडतात. एक, पैसे घेऊन डीलर गायब होतो, आणि तक्रार करायला तोंड नसतं, कारण असा व्यवहार ॲपच्या नियमांतही बसत नाही आणि खातं बंद पडतं. दोन, चिप्स विकल्या तर 'पैसे मिळवायला' क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. तीन, आणि हे लोकांच्या ध्यानातच येत नाही: डीलरने पाठवलेली रक्कम दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतली असेल, तर तपासात त्या साखळीतली खाती गोठवली जातात. पाचशे रुपयांपायी पगाराचं खातं अडकतं आणि सोडवायला परराज्यातल्या सायबर पोलिसांशी पत्रव्यवहार करावा लागतो.

डीलर नसेल तर निदान हा भाग टळला. मग राहतो तो हिशेब, आणि तो दाजींसमोर कागदावर मांड. समजा त्या चक्रांच्या खेळात दहा लाख नाणी आहेत. एका फिरकीला वीस हजार, मिनिटाला दहा फिरक्या, म्हणजे मिनिटाला दोन लाख लागले. यंत्र शंभरातले पंचाण्णव परत देतं असं धरलं तरी मिनिटाला दहा हजार कायमचे गेले. सरासरी शंभर मिनिटांत पिशवी रिकामी. आता पातळी वाढली आणि कमीत कमी लावायची रक्कम एक लाख झाली, की तीच पिशवी वीस मिनिटांत संपते. सुरुवातीला फुकट मिळालेले 'लाखो' पुरत नाहीत ते यामुळे. शिवाय ते पंचाण्णव मी धरलेत. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या खऱ्या कॅसिनोत यंत्राने किमान ७५ टक्के परत द्यावेत असा नियम आहे आणि यंत्रं तपासली जातात. चिप्सच्या ॲपवर तसं काही बंधन नाही. गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटताना समोर बसलेला माणूस तरी दिसतो, इथे गणित लिहिणाराच दिसत नाही.

आता फोनचं काम, आणि ते दाजींसोबत बसूनच कर, चोरून नको. प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर फोटोवर टिचकी मारून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा, मग 'बजेट अँड हिस्टरी'. वर्षभराची सगळी खरेदी तारखेवार दिसते. ती बेरीज दाजींना स्वतः करू दे, तू करू नकोस. तिथलं 'बजेट' लावलं तरी ते फक्त इशारा देतं, खरेदी थांबवत नाही, यावर विसंबू नकोस. थांबवायचं असेल तर सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लाव आणि पेमेंट पद्धतींतून कार्ड काढून टाक. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची, यादीही बघ. ताईच्या आयफोनवर 'स्क्रीन टाइम'मधल्या निर्बंधांत 'इन-ॲप पर्चेसेस'ला 'डोन्ट अलाउ' करता येतं, आणि त्याचा पासकोड ताईकडे ठेव.

परतावा मागायचा तर घाई कर. गूगलकडे साधारण ४८ तासांच्या आत मागितला तर जमण्याची शक्यता असते. तुम्ही किंवा ओळखीतल्या कुणीही न केलेली खरेदी असेल तर १२० दिवसांपर्यंत कळवता येते. दाजींनी स्वतः केलेल्या खरेदीला 'मी केली नाही' म्हणायचं नाही, हे ताईलाही सांग. डीलरने फसवलं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येते, नंतर ती चार खात्यांत पांगते.

आणि दाजी रात्री दोनला उठून खेळत असतील, किंवा ॲप काढून परत टाकत असतील, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. पहिला फोन दाजींनीच करायला हवा असं नाही, ताईने केला तरी चालतो.

स्टेटमेंटचे फोटो मला पाठव, नाव-खाते क्रमांक झाकून. प्ले स्टोअरमार्फत गेलेले पैसे आणि डीलरला यूपीआयने थेट गेलेले पैसे मी रविवारपर्यंत वेगळे करून देतो.

तुझा,
सतीश